गोल्फमधला स्लाइस जात नाही? ग्रिपच्या आधी डाउनस्विंग बघा

बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळतो (हाच स्लाइस) म्हणून ग्रिप स्ट्राँग करा, म्हणजे क्लबवरचे हात जरा उजवीकडे वळवून धरा, असं सुचवलं जातं, पण उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल असा जातो तेव्हा क्लब डाउनस्विंगमध्ये (खाली येताना) बहुतेक बाहेरून आत येत असतो, म्हणजे टॉपवरून (स्विंगच्या सगळ्यात वरच्या जागेवरून) निघताना उजवा खांदाच आधी पुढे फेकला जातो. मग नुसती ग्रिप बदलून स्लाइसचा पुल (सरळ डावीकडे जाणारा फटका) होईल, बाकी काही नाही.

बॉलच्या पलीकडे चार-पाच इंचांवर, किंचित मागे (टार्गेटच्या उलट बाजूला), हेडकव्हर (क्लबच्या टोकाचं मऊ कव्हर) ठेवा आणि ७ आयर्नने (मधल्या अंतराचा क्लब) अर्धा स्विंग करा, बाहेरून आलात तर क्लब त्याला लगेच लागेल. मग पंप ड्रिल : टॉपला जा, वजन डाव्या पायावर घेत हात कंबरेपर्यंत आणा, परत वर, दोनदा असं करून तिसऱ्यांदा मारा, पाठ टार्गेटकडे जरा जास्त वेळ राहू द्या. बॉल कुठे गेला ते सुरुवातीला बघूच नका प्लीज, आणि ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) सगळ्यात शेवटी.

बॅकस्विंग देखणा हवा असंही नाही हं, अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना किती बाहेर जायचा, पण खाली येताना बरोबर आत पडायचा, २००३ ची यूएस ओपन त्याच स्विंगवर जिंकलाय तो!