मदत हवी आहे: ‘हर्पीस’ला मराठीत काय म्हणायचं?

ओठावर ताप उतण्याबद्दल, म्हणजे ओठावर येणाऱ्या पाण्याच्या फोडांबद्दल, दवाखान्यात लावायला एक पानी माहितीपत्रक करतोय. अडलंय ते शब्दापाशी. ‘हर्पीस’ लिहिलं की लोक नागीण समजतात. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, ओठावरचे फोड हर्पीस सिम्प्लेक्स-१ या वेगळ्या विषाणूमुळे. तो बहुधा लहानपणीच शिरतो, चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो आणि ताप, कडक ऊन, पाळी, जागरण असं निमित्त मिळालं की त्याच तंतूवरून ओठावर उतरतो. म्हणून फोड दरवेळी जवळपास त्याच जागी येतात. पोटातल्या उष्णतेचा इथे संबंध नाही.

मजकुरात हे घेतलंय: आधी चुरचुर, मग पाण्याच्या बारीक फोडांचा घोस, मग खपली, ७ ते १० दिवसांत बरं. ५ टक्के असायक्लोव्हिर मलम चुरचुर सुरू होताच, दिवसातून ५ वेळा, ४-५ दिवस. खपली धरल्यावर लावून फारसा उपयोग नाही. घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब तर नकोच, विषाणूला मोकळं रान मिळतं. मलम लावल्यावर हात धुवा, नाहीतर विषाणू डोळ्यापर्यंत जातो. तान्ह्या बाळाचा पापा अजिबात नको. डोळा लाल झाला, दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

तर सांगा, तुमच्याकडे याला काय म्हणतात? ‘जर’, ‘ताप फुटणे’, आणखी काही? जिल्ह्यासकट लिहा. आणि तोंडाचा कोपरा चिरतो त्यालाही तोच शब्द वापरता का? तो आजार वेगळा, हे मलम तिथे चालत नाही.