ऑफिसचा पीसी घरातून उघडला की वर-खाली काळ्या पट्ट्या, काय करायचं?

उद्यमबाग_हिशेब
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपचा हिशेब बघतो, राहायला खानापूरला, आता ह्या पावसात रोज कोण ये-जा करणार म्हणून ऑफिसातला पीसी क्रोम रिमोट डेस्कटॉपवरनं घरातूनच उघडालोय. तिथला मॉनिटर १९२०×१०८० आणि घरात जुना चौकोनी सतरा इंची, १२८०×१०२४. चित्र येतंय पण वर-खाली काळ्या पट्ट्या आणि टॅलीतले (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आकडे मुंगीएवढे. मग स्केल टू फिट काढून रिसाईज टू फिट केलं, इथं झकास बसलं, पण लगेच तिथल्या पोराचा फोन, "सर, स्क्रीनगे एनात्री?" म्हणून, म्हणजे स्क्रीनला काय झालं. त्याच्याकडं सगळं फुगलेलं आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन इकडचे तिकडे. ही दोन्ही एकच नव्हेत काय?

तिसरं_गेट
नव्हेत हो साहेब, तिथंच तर सगळी गोम आहे. स्केल म्हणजे तिकडच्या पीसीला हात लावायचा नाही, आलेलं चित्र तुमच्याकडं लहान करून दाखवायचं. रिसाईज म्हणजे तिकडच्या विंडोजचं रिझोल्यूशनच, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचं मापच, बदलायचं, मग तिथं बसलेल्याला ते दिसणारच की. पट्ट्यांचा हिशेब तर तुम्हीच करू शकता, १९२० रुंदी तुमच्या १२८० मध्ये बसवायची म्हणजे दोन तृतीयांश, त्याच मापानं १०८० ची उंची ७२० होते, तुमच्याकडं १०२४ आहे, उरले ३०४, वर १५२ खाली १५२ काळे. अक्षरंही त्याच मापानं बारीक. बिघाड काही नाही, तिथला मॉनिटर १६:९ आणि तुमचा ५:४, चित्र न ताणता दुसरं काय होणार. पोरगं कामावर असताना स्केल टू फिटच ठेवा, आणि पट्ट्यांकडं बघू नका. आकडे मोठे पाहिजेत तर तिथल्या विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा, रिझोल्यूशन तेच राहतं. पण ते पोराला विचारून करा, त्यालाही मोठं दिसणार. जुनी सॉफ्टवेअरं थोडी धुरकट दिसतात त्यानं, टॅली उघडी असली तर बंद करून परत उघडा.

निपाणीचा_पावणा
एवढा व्याप कशाला, विंडोजचंच रिमोट डेस्कटॉप वापरा की. ते तुमच्या स्क्रीनच्या मापाचंच सेशन उघडतंय, पट्टी नाही काय नाही. फुल स्क्रीनमधनं बाहेर यायला कंट्रोल-आल्ट-ब्रेक.

तिसरं_गेट
भावा, माप बसतंय हे खरं, पण त्याच लॉगिननं हे आत गेले की तिथं लॉक स्क्रीन येते, पोरगं बिलं कशावर मारणार? एका वेळी एकच माणूस. शिवाय तिथं विंडोज होम असलं तर बाहेरनं आत घेतच नाही, प्रो पाहिजे. आणि कोणी राऊटरवर ३३८९ पोर्ट (ह्या रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडून दे म्हटलं तर अजिबात देऊ नका, बाहेरनं आत यायचं तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा बंदिस्त खासगी रस्ता, असल्याशिवाय नाही. रात्री ऑफिस बंद झाल्यावर काम असलं तर मात्र हा मार्ग बरा.

उद्यमबाग_हिशेब
समजलं, होमच आहे तिथं. १२५ करून बघितलं, पोरगं उलट खूश झालं, म्हणालं आधीच करायचं होतं. अजून एक, बेळगावला येता-जाता रेल्वेत फोनवर उघडतो तेव्हा बोट एकीकडं आणि क्लिक दुसरीकडं होतंय.

वडगाव_लूम
मी बोलू काय मधे. फोनवर दोन मोड असतात बघा, टच आणि ट्रॅकपॅड. टचमध्ये बोट ठेवाल तिथं क्लिक, बारीक बटणांवर बोटाखालचं दिसतच नाही. ट्रॅकपॅड लावा, बोट कुठंही फिरवा बाण सरकतो, बाण जागेवर गेला की टिचकी मारायची. झूम करून फोन आडवा धरा. टॅली कीबोर्डवर चालणारी, त्यामुळं फोनवर व्हाउचर घालायच्या फंदात पडू नका, नुसतं लेजर बघायला ठीक आहे. आणि क्रोमऐवजी एनीडेस्क, म्हणजे असंच दुसरं अ‍ॅप, असेल तर रेंज कमी असताना डिस्प्ले क्वालिटीत वेगाचा पर्याय निवडा, रंग फिके होतील पण बाण अडकायचा नाही.

उद्यमबाग_हिशेब
ट्रॅकपॅड जमलं! रात्री तिथला सीपीयू चालू ठेवून मॉनिटरची केबल काढली तर चालेल काय?

तिसरं_गेट
केबल नको काढू, नुसतं मॉनिटरचं बटण बंद करा. केबलच नसली की विंडोजला मॉनिटर सापडत नाही, मग बऱ्याचदा रिझोल्यूशन एकदम खाली येतं. काढायचीच असली तर एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो ऑनलाईन, मॉनिटर जोडलाय असं पीसीला भासवणारा, तो लावून ठेवा.