अनुभव धागा: कॉलेजसाठी कुठला लॅपटॉप घेतलात आणि तो कसा टिकला?

बारावीचा निकाल लागला, सीईटीच्या याद्या सुरू झाल्या की आमच्याकडे फोन थांबत नाहीत. ऐरोलीतल्या आयटी कंपनीत नोकरीला आहे, एवढ्या एका पात्रतेवर मी अख्ख्या गोतावळ्याची लॅपटॉप-सल्लागार झाले आहे. ‘ताई, डेल घेऊ की एचपी?’ एवढाच प्रश्न असतो. कोर्स कुठला, रोज लोकलने जाणार की हॉस्टेलला राहणार, हे कुणी सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, मग तुम्ही खोडून काढा. झाकणावरच्या नावापेक्षा त्या खालची मालिका बघावी. डेलचाच इन्स्पायरॉन आणि डेलचाच लॅटिट्यूड, लेनोवोचाच आयडियापॅड आणि लेनोवोचाच थिंकपॅड, शेजारी ठेवले तर एका घरचे वाटत नाहीत. एक घरगुती गिऱ्हाइकासाठी किंमत बघून बनवलेला, दुसरा कंपन्यांना शेकड्याने विकायला. ‘लेनोवो चांगला नाही’ म्हणणारा आणि ‘लेनोवोसारखा लॅपटॉप नाही’ म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात.

तर लिहा. शाखा कुठली, काय घेतलंत, का घेतलंत, पुढे काय झालं. सर्व्हिस सेंटरची भांडणंही येऊ द्या, फक्त तिथे कंपनीचं नाव नको. नाहीतर धागा तक्रारपेटी होतो आणि कामाचं सगळं वाहून जातं.

आर्किटेक्चर, चौथं वर्ष, डोंबिवली

आमच्या वर्गात असूस टफ, लेनोवो लीजन, एचपी व्हिक्टस आणि एसर नायट्रो, या चौघांचं राज्य आहे. बाहेरच्याला वाटतं पोरं गेम खेळायला घेतात. खेळतातही, पण कारण वेगळं आहे. रेविट, थ्रीडीएस मॅक्स आणि लुमियन ही इमारतीची ड्रॉइंग आणि थ्रीडी चित्रं करायची सॉफ्टवेअर तिन्ही फक्त विंडोजवर चालतात, आणि लुमियनला तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ते उभंच राहत नाही. मॅक घेतलेली एक मैत्रीण स्केचअप आणि ऑटोकॅडवर दुसऱ्या वर्षापर्यंत छान निभावली. तिसऱ्या वर्षी रेविट आलं आणि ती रात्री आमच्या मशीनवर बसायला लागली. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूटकॅम्पने विंडोज टाकता यायचं. एम१ पासूनच्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर ती सोय नाही, हे ज्युरीच्या (प्रोजेक्ट तपासणीच्या) आठवड्यात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

माझा टफ आहे, ४ जीबीच्या आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डवाला. मशीन सव्वादोन किलोच्या आसपास आणि चार्जर वेगळा. तो चार्जर हातात घेऊन बघाच दुकानात, फोटोत कधी दाखवत नाहीत. बिनचार्जर नेऊन उपयोग नाही, कारण बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड निम्म्या ताकदीनेही चालत नाही आणि रेंडर (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणं) लावला तर तासाभरात मशीन झोपतं. म्हणजे डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला लेडीज डब्यात शिरताना पाठीवर लॅपटॉप, चार्जर, रोलर, शीटची नळी आणि मॉडेलचा खोका. बॅग पुढे घ्यायची ही सवय सगळ्यांना असते. त्यातही लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या पोटाकडे ठेवायचं, तळ गर्दीकडे. स्क्रीन फुटते ती पडून कमी, दाबून जास्त. नाहीतर समोरच्या बाईच्या डब्याचा कोपरा बरोबर झाकणाच्या मधोमध रुततो आणि कॉलेजला जाऊन उघडलं की काळी शाई सांडल्यासारखा डाग.

दुसऱ्या वर्षानंतर आम्ही तिघींनी ठरवून रोज नेणं बंद केलं. रेंडर घरी, फाइल ड्राइव्हवर, कॉलेजात लॅबचं मशीन. पण लॅबमधलं सॉफ्टवेअर एक व्हर्जन मागे असेल तर रेविटची नवी फाइल जुन्यात उघडत नाही. तेवढं आधी विचारून घ्या.

सीए आर्टिकलशिप, गिरगाव

आमच्याकडे प्रश्न सोपा आहे. टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि एक्सेलमध्ये आल्ट दाबून जे काय आम्ही बोटांनी नाचतो ते मॅकवर तसंच्या तसं होत नाही. १५.६ इंची स्क्रीन आणि उजवीकडे नंबरपॅड हवाच. क्लायंटकडे ऑडिटला बसल्यावर व्हाउचरचे आकडे वरच्या ओळीतून टाकणारा मुलगा सीनियरला लगेच दिसतो. एचपी आहे, साधा, ग्राफिक्स कार्ड नसलेला. १६ जीबी रॅम मात्र घेतली. मोठी वर्कबुक, टॅली आणि ब्राउझरचे वीस टॅब एकदम उघडल्यावर ८ जीबीचा जीव जातो.

ताईंचं मालिकेबद्दलचं पटलं, पण एक भर घालतो. दुकानदार ‘आय-५ आहे’ म्हणतो तेव्हा तो इंटेलचा प्रोसेसर कुठल्या पिढीचा ते विचारा. नुसत्या आय-५ ला काही अर्थ नाही.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, माटुंगा, हॉस्टेल

वरच्याला पुस्ती. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये तर आणखी गंमत आहे. ७००० मालिकेच्या मॉडेल क्रमांकात पहिला आकडा वर्षाचा, आतली रचना कुठली ते तिसऱ्या आकड्यावरून कळतं. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३, ७६४० मधला ४ म्हणजे झेन ४. झेन २ हे २०१९ चं डिझाइन आहे. डब्यावर मात्र तिघांवरही ‘रायझन ५’ असंच ठळक छापलेलं असतं आणि ऑनलाइन सेलमध्ये पहिलाच सगळ्यात वर दिसतो.

मी थिंकपॅड वापरतो, जुना. माझ्या आधी तो कुठल्यातरी कंपनीत असणार, कडेला मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर खरवडल्याची खूण आहे. उबुंटू टाकलंय. लिनक्स, पायथन, सायलॅब शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत. सोलापूरहून आल्यावर पहिल्या सेमिस्टरला मला त्यांनीच हात दिला. कीबोर्डच्या मधलं ते माउसचं काम करणारं लाल बोंडूक बघून मित्र हसतात. व्हायवाच्या रांगेत उभ्याने, लॅपटॉप डाव्या हातावर धरून काम करायचं असतं तेव्हा ते किती उपयोगी पडतं ते मला विचारा.

पालक, लालबाग

वरच्या मुलाने जुन्याचा विषय काढलाच आहे, तर लॅमिंग्टन रोडबद्दल लिहितो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगावं लागतं. ग्रँट रोड स्टेशनहून चालत. दोन मुलं, दोघांना एकदम नवा लॅपटॉप घेणं जमणारं नव्हतं. मोठ्याला हप्त्यावर नवा, धाकटीला तिथून रिफर्बिश्ड, म्हणजे जुना पण नीट करून विकलेला.

कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॉटने काढतात, तेच इथे येतात. घेताना चार गोष्टी मी उभं राहून करून घेतल्या. पहिली गोष्ट, प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. थिंकपॅड टी४७० आणि टी४८० दिसायला जुळे भाऊ. पहिल्यात सहावी-सातवी पिढी, दुसऱ्यात सहसा आठवी. दुकानात दोन्ही एकाच थप्पीत असतात आणि ‘साहेब, सेमच आहे’ हे वाक्य तिथे ऐकायला मिळतं. ‘विंडोज ११ टाकून दिलंय’ यावरही जाऊ नका, सातवीवरसुद्धा आडमार्गाने टाकून देतात. दुसरी गोष्ट, बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आत्ता किती भरते ते दोन्ही आकडे शेजारी येतात. पोराने शिकवलं, मी काउंटरवर करून दाखवल्यावर भाव खाली आला. तिसरी, मशीन बंद करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरून बघायचं. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर तो लॅपटॉप परत ठेवायचा, कितीही चकचकीत असो. चौथी, पक्कं बिल, सीरियल नंबरसकट. १८ टक्के जीएसटी वाचवतो म्हणून कच्च्या चिठ्ठीवर देऊ करतात. मग वॉरंटी कुणाकडे मागणार?

धाकटीचा टी४८० आहे. एक बॅटरी आत, एक बाहेरून काढता येणारी. बाहेरची नवी घेतली, दिवस निघतो.

उपयोजित कला, जे. जे., दादर

मॅकवाल्यांची बाजू कुणी घेत नाहीये म्हणून. एम१ एअर आहे, २०२१ पासून. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही, वजन १.२९ किलो. पण माझं कारण स्क्रीन. पन्नास हजारांच्या आतल्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं, म्हणजे स्क्रीन कमी रंग दाखवते. त्यावर लाल हा विटकरी दिसतो. तुम्ही तो ‘दुरुस्त’ करून भडक करता आणि प्रिंटरकडे पोस्टर अंगावर येतं. कलेच्या मुलांनी विंडोज घ्या, जरूर घ्या, पण १०० टक्के एसआरजीबी (पुरेसे रंग दाखवणारा) लिहिलेला पॅनेल बघून. असूसमध्ये ओलेड स्क्रीनचे बरे पर्याय मिळतात.

विद्यार्थी सवलत ॲपलच्या साइटवर आणि बीकेसीच्या दुकानातही मिळते, कॉलेजचं ओळखपत्र लागतं. रॅम नंतर वाढवता येत नाही, बोर्डावरच जडवलेली असते. माझ्याकडे ८ आहे, इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप एकदम मोठ्या फाइलींवर उघडले की जाणवतं. ऑक्टोबर २०२४ पासून एअरमध्ये १६ हीच सुरुवात आहे, त्यामुळे नव्यांना हा घोळ नाही. जुना ८ वाला सेलमध्ये स्वस्त दिसला तर मात्र दोनदा विचार.

एमए मराठी, कलिना

आम्हाला काहीही चालतं हो. पीडीएफ उघडला पाहिजे आणि टायपिंग झालं पाहिजे. मी इनस्क्रिप्टवर टाइप करते, ही देवनागरीची ठरलेली कीबोर्ड मांडणी, ती विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे सारखीच, त्यामुळे भावाचा डेल काय आणि लायब्ररीतला काय. पैसे वाचले ते पुस्तकांत गेले.

बीएस्सी आयटी, विरार

आता भांडण सांगतो, नावाशिवाय. वर्ष पुरं व्हायच्या आत डावी बिजागरी गेली. पडला नाही, आपटला नाही. झाकण उघडताना कट्ट असा आवाज आला आणि कोपऱ्यात फट पडली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटीत नाही.’ बॉडीसकट बदलायचे जे पैसे सांगितले त्यात सेकंडहँड लॅपटॉप आला असता. विरार पूर्वेला स्टेशनजवळ एक काका रिपेअरिंग करतात, त्यांनी समोर खोलून दाखवलं. बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नळ्यांत बसतात त्या पातळ प्लास्टिकच्या उंचवट्यात नुसत्या खोचलेल्या असतात. बिजागरी घट्ट, प्लास्टिक नाजूक. रोज उघडमीट करताना सगळा जोर त्या नळीवर, शेवटी ती प्लास्टिकसकट उपटून येते. काकांनी नळ्या परत बसवून आजूबाजूला एपॉक्सी भरलं, चोवीस तास वाळू दिलं, स्क्रूंना अर्धा फेरा ढिला ठेवला. अजून टिकलंय.

त्यांची एक शिकवण पाळतो. झाकण कोपऱ्यातून नाही, वरच्या कडेच्या मधोमध धरून उघडायचं. दुकानात नवा बघतानाही एका बोटाने उघडून बघा, तळ सोबत वर उचलला जात असेल तर बिजागरी जास्तच घट्ट आहे.

आणि वॉरंटी घरी येऊन देणारी आहे की आपणच नेऊन द्यायची, हे विचारा. विरारहून अंधेरीला लॅपटॉप पोचवणं आणि आठवड्याने परत आणणं यात दोन लेक्चरांची हजेरी जाते.

धागाकर्ती

हे बिजागरीचं सोनं आहे. ऑनसाइट वॉरंटी आणि अपघाती नुकसानीचं संरक्षण घेताना थोडे जास्त पैसे भरूनच घ्या, असं मी म्हणते. साध्या वॉरंटीत सहसा पाणी आणि फुटलेली स्क्रीन दोन्ही नसतात, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर नेमकी हीच दोन कामं निघतात. पाणी गेलंच तर आधी बंद करा, चार्जर काढा, आणि ‘चालू होतोय का बघू’ हा मोह आवरा. ओल्या बोर्डात करंट गेला की मगच तो जळतो. तांदळाच्या डब्यात पुरून काही होत नाही, उघडून साफ करायला द्या.

एमबीबीएस, शीव

टॅब घ्या. लॅपटॉप कपाटात राहतो.

डिप्लोमा मेकॅनिकल, ठाणे

सगळे डेल, लेनोवो, मॅक लिहितायत, एसरवाला कुणी नाहीच का? माझा ॲस्पायर आहे, पप्पांनी दिवाळी बोनसमधून घेतलेला. तळाचे स्क्रू काढले की रॅमचा एक स्लॉट रिकामा, हार्ड डिस्कची जागाही रिकामी. घेतला तेव्हा ८ जीबी होती, स्टायपेंड मिळायला लागल्यावर दुसरी ८ टाकली, आता सॉलिडवर्क्स या यंत्रांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या छोट्या असेंब्ली (जोडलेल्या भागांच्या फाइली) उघडतात. मोठ्या उघडत नाहीत, त्या कॉलेजात करतो. घेताना मी फक्त एवढंच विचारलं होतं की पुढे काय काय वाढवता येईल. पातळ लॅपटॉपवाल्यांना तो दुकानदार ‘काहीच नाही’ म्हणाला, म्हणून हा जाडा घेतला. कुणाला स्लॉटचा फोटो हवा असेल तर सांगा, रविवारी उघडणारच आहे, पंख्यात धूळ साचलीय.