जुन्या गाडीचे येणारे-जाणारे दिवे : आपापले अनुभव लिहा

दहा-बारा वर्षांच्या गाड्या जिवापाड सांभाळणारे आपल्यात बरेच आहेत, त्यांच्यासाठी हा धागा. डॅशबोर्डवर कायम पेटलेला दिवा परवडला, मेकॅनिकला तो दिसतो तरी. खरा छळ मांडतो तो मधूनच लागून विझणारा. गॅरेजच्या दारात गाडी उभी राहिली की दिवा गायब, आणि मग अंदाजाने सेन्सर बदलणं सुरू होतं. माझं ठाम मत आहे, की कोणता दिवा लागला याइतकंच तो कधी लागला हे महत्त्वाचं. पाऊस होता का, वळण होतं का, इंजिन तापलं होतं का, हे सगळं लिहा.

सुरुवात मीच करतो. पुण्यातली २०११ची पेट्रोल हॅचबॅक. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर लागायचा, कोरड्या दिवसांत कधीच नाही. साध्या स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने, काही सापडलं नाही, कारण स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. एबीएस वाचणाऱ्या स्कॅनरवर मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कोड आला. गॅरेजवाला नवीन सेन्सर टाकू म्हणाला. मी आधी चाक काढायला लावलं. वायर धरून ठेवणारी क्लिप तुटलेली, वायर घासून सोललेली आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं! खराब तुकडा कापून नवा जोडला, वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी) नळी चढवली, नवी क्लिप लावली. पुढचे पावसाळे निवांत गेले. सेन्सर तोच आहे.

चिपळूणहून : आमच्याकडे एक नाही, बॅटरी, एबीएस, स्टिअरिंग असे तीन दिवे एकदम लुकलुकायचे. रात्री, पावसात, हेडलाइट-वायपर-एसी सगळं चालू असताना. तीन वेगळे बिघाड एकाच वेळी होत नाहीत, मूळ एकच असणार, असं आमच्या वायरिंगवाल्या काकांनी बघताक्षणी सांगितलं. सकाळी सेल्फही जड फिरायचा. काकांनी दिवे, वायपर, एसी असा सगळा लोड चालू ठेवून मल्टिमीटरची (व्होल्टेज मोजायच्या यंत्राची) एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरली. तिथे जेमतेम ०.२ व्होल्ट दिसायला हवा, आमच्याकडे जवळपास एक व्होल्ट! इंजिन ते बॉडी जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. कोकणच्या हवेत हे व्हायचंच. पट्टी बदलली, बोल्टखालचा गंज घासला, तिन्ही दिवे गेले.

नागपूरहून : माझ्या गाडीत सीट पुढे-मागे सरकवली की एअरबॅगचा दिवा लागायचा. ड्रायव्हर सीटखालचा पिवळा कपलर (वायरींचा जोड) सैल झाला होता. पण सगळ्यांना कळकळीने सांगते, एअरबॅगच्या वायरींना घरी मल्टिमीटर लावू नका. जाणकारसुद्धा आधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबतात.

कोल्हापूरहून, ऑटो इलेक्ट्रिशियन : ताईंशी शंभर टक्के सहमत. माझी विनंती एवढीच, की दिवा घालवायला बॅटरी काढू नका. कोड साठवताना त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान हेही बऱ्याच गाड्या नोंदवून ठेवतात. बॅटरी काढली की ते पुसलं जाऊ शकतं आणि आम्ही पुन्हा शून्यावर. आधी कोड वाचा, फोटो काढा, मगच कोड घालवा. नंतर इंजिन चालू ठेवून एकेक कपलर हाताने हलवून बघायचा. ज्याला हात लावल्यावर इंजिन अडखळतं, तिथेच थांबायचं. आणि चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. गाडी तशीच दामटली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जातो, आणि तो खर्च फार मोठा.

नाशिकहून : तेलाच्या किटलीचा लाल दिवा गरम इंजिनावर, सिग्नलला उभं असताना लुकलुकायचा. इंजिन लगेच बंद केलं. डिपस्टिकवर तेल बरोबर होतं. मेकॅनिकने हा दिवा लावणारा तेलाच्या प्रेशरचा स्विच काढून त्या जागी प्रेशर मोजायचं गेज लावलं, प्रेशर चांगलं निघालं. म्हणजे दोष स्विचचा. गेज लावल्याशिवाय ‘स्विचच असेल’ म्हणून गाडी चालवू नये.

साताऱ्याहून : घाटात वळणावर ब्रेकचा दिवा क्षणभर लागायचा. टाकीतलं ब्रेक ऑइल मिनच्या (किमान पातळीच्या) रेषेवर होतं, वळणावर कलंडलं की आतला फ्लोट (पातळी दाखवणारा तरंगता तुकडा) खाली जायचा आणि दिवा लागायचा. गळती कुठेच नव्हती. पुढचे ब्रेक पॅड झिजले की पातळी उतरते. नुसतं ऑइल ओतलं असतं तर दिवा गेला असता आणि झिजलेले पॅड तसेच राहिले असते. पॅड बदलल्यावर पातळी आपोआप वर आली.