निसर्गोपचाराच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं? खान्देशकरांनो, अनुभव लिहा

भुसावळची लेक:
मंडळी, आमच्या अप्पांना पोटाचा जुना त्रास, त्यात शुगर आणि बीपी, आणि आता त्यांनी हट्टच धरलाय की मला निसर्गोपचारवाल्या डॉक्टरांकडे घेऊन चला. माझा स्वतःचा या उपचारांवर विश्वास आहे पण सत्तरीच्या माणसाला नेताना काय काय बघायचं, काय विचारायचं ते कळत नाहीये. म्हणून हा धागा. पहिल्या भेटीत काय झालं ते लिहा, चांगलं वाईट सगळं, हातचं राखू नका.

माझं सांगते. मी मायग्रेनसाठी जळगावला एका मॅडमकडे गेले होते. पहिला पाऊण तास तर त्यांनी नुसतं विचारलंच. किती वाजता झोपता, झोपताना हातात मोबाईल असतो का, पहिला चहा उपाशीपोटी घेता का, दुपारचं जेवण नक्की किती वाजता, पोट रोज साफ होतं का, कडक होते का, पाळीच्या आधी डोकं जास्त दुखतं का. जीभ बघितली, बीपी घेतलं, जुने रिपोर्ट एकेक करून वाचले. इतकी वर्षं डोकं धरून बसत होते मी, पण जेवणाची वेळ मला कोणी विचारलीच नव्हती हो. मग एक ग्लास पाणी प्यायला लावलं आणि पाय गरम पाण्याच्या बादलीत, डोक्यावर गार पाण्याचा पिळलेला टॉवेल, अंगावर चादर. तेव्हा बरं वाटलं पण डोकं काही त्याच दिवशी थांबलं नाही, आणि मॅडमनीही तसं सांगितलं नव्हतं. खरा फरक पडला तो उपाशीपोटीचा चहा सुटला आणि जेवणाच्या वेळा लागल्या त्याने, असं माझं मत. डोकेदुखीची वही मात्र अजून लिहिते.

केळीवाला, फैजपूर:
ताई चांगला विषय काढला. मी पाठीच्या आणि सांध्यांच्या दुखण्यासाठी गेलो होतो, डॉक्टर पोरगा तरुण, बीएनवायएस म्हणजे निसर्गोपचाराची डिग्री झालेला. त्याने केळीच्या पानांचं स्नान सांगितलं आणि मला खरं वाटेना, कारण आमच्या रावेर यावल पट्ट्यात घड कापला की पानं ढोरांपुढे नाहीतर बांधावर, त्याचा उपचार असतो हे कुठं माहीत होतं. तर ते असं की हिवाळ्यात सकाळच्या कोवळ्या उन्हात चटई टाकतात, आधी पाणी पाजतात, डोक्याला ओला रुमाल, मग अंगाखाली आणि अंगावर मोठी मोठी पानं घालून सुती दोरीने हलकं बांधतात, नाक तोंड मोकळं. पाच मिनिटात पान आतून ओलं होतं, मग घामाच्या धारा मानेपासून कंबरेपर्यंत जाताना कळतात, आणि पानाचा तो हिरवा वास. वीस मिनिटांच्या पुढे ठेवलं नाही, सारखा विचारत होता गरगरतं का, छातीत धडधडतं का.

पण मला तो माणूस पटला तो वेगळ्याच गोष्टीमुळे. मी म्हटलं डॉक्टर पानं मी आणतो, ट्रॅक्टरभर आणतो. तो म्हणे करप्याची फवारणी केलेल्या बागेतली नको. बघा, पावसाळ्यात करप्यासाठी आपण पानावर बुरशीनाशक आणि तेल मारतो, तेच पान उघड्या घामट अंगाला गुंडाळायचं म्हणजे औषधच अंगाला लावल्यासारखं की. मग आमच्या परसातल्या, कधीच न फवारलेल्या झाडांची पानं नेली. आणि एप्रिल मे मध्ये हा उपचार तो करतच नाही, आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा उन्हात गुंडाळून झोपवलं तर माणूस उष्माघाताने जाईल, हे त्याचेच शब्द. पाठ मोकळी झाली, सांधे आहेत तसेच आहेत, ते व्यायामानेच धरून ठेवलेत.

धुळेकर शिक्षिका:
वाईट अनुभव पण लिहा म्हणालात म्हणून लिहिते. वजन आणि थायरॉइडसाठी एका ठिकाणी गेले, नाव गाव लिहीत नाही. भिंतीवर मोठमोठे फोटो, टेबलावर बाटल्यांची रांग. मला पाच मिनिटं बघितलं आणि म्हणे थायरॉइडची गोळी आजपासून बंद, ही पावडर चालू, तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं तर सूट. मी विचारलं तुमचं शिक्षण काय, तर शिबिर केलंय म्हणे. मी पर्स उचलली आणि निघाले, गोळी एक दिवस पण चुकवली नाही. मला अजूनही राग येतो कारण माझ्यामागे रांगेत एक गरोदर मुलगी बसली होती आणि तिच्याही हातात तीच थायरॉइडची पट्टी होती. तिला मी बाहेर बोलावून सांगितलं की ही गोळी बंद करू नकोस, गरोदरपणात तर नाहीच, बाळाच्या मेंदूच्या वाढीला ते हार्मोन लागतं.

नंतर ज्यांच्याकडे गेले त्यांनी स्वतःहून डिग्रीची पाटी दाखवली. बीएनवायएस म्हणजे बॅचलर ऑफ नॅचरोपॅथी अँड योगिक सायन्सेस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा कोर्स आहे, त्यात शरीररचना, विकृतीशास्त्र सगळं शिकावं लागतं. भुसावळच्या ताई, अप्पांना नेण्याआधी फोनवरच हे विचारून घ्या, लाजू नका.

अमळनेरची सूनबाई:
आमच्याकडे सासूबाईंना नेलं होतं, गुडघे आणि वजन. डॉक्टरांनी मागच्या तीन दिवसात काय काय खाल्लं ते विचारलं आणि सासूबाईंनी खरं खरं सांगितलं, शेवभाजी, भरीत पुरी, लग्नातले मांडे, तर्री किती ते सुद्धा. मला वाटलं आता सगळं बंद करणार. तर कळण्याच्या भाकरीला त्यांनी हातही लावला नाही, उलट ज्वारी उडीद एकत्र दळलेलं आहे, चांगलं आहे, फक्त दोनाची दीड करा म्हणाले. तेल मोजून टाका, म्हणजे महिन्याची तेलाची पिशवी माणसांवर भागून बघा, हे मला फार कामाचं वाटलं. पंधरा दिवस बिनमिठाचं जेवण सांगितलं तेव्हा मात्र सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मीठ नही ते भाजी कशी लागी व माय?" मग डॉक्टरांनी तडजोड केली, मीठ निम्मं, पापड लोणचं बिबड्या बंद, भाजीवर लिंबू आणि कोथिंबीर. ते त्यांनी पाळलं, अजून पाळतात. माझ्या मते पहिल्याच दिवशी तडजोड करणारा डॉक्टर बरा, नाहीतर म्हातारी माणसं घरी येऊन गुपचूप खातात आणि डॉक्टरला खोटं सांगतात.

चोपडा टू पुणे:
मी वडिलांना घेऊन उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहिलो होतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी, हा आश्रम गांधीजींनी 1946 साली सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी तिथेच राहून पुढे वाढवला. पुणे दौंड लाईनवर स्टेशन आहे, भुसावळकडून येताना दौंडला उतरून लोकल धरली. पहिल्या दिवशी दाखल करून घेताना पूर्ण तपासणी झाली, चालू गोळ्यांची यादी लिहून घेतली. पोटावरची मातीची पट्टी मी तिथे पहिल्यांदा बघितली. कापडात भिजवलेली माती, साधारण वीतभर लांब आणि बोटभर जाड, उपाशीपोटी वीस पंचवीस मिनिटं बेंबीखाली. वडील शेतकरी, त्यांनी लगेच विचारलं की आपल्या कपाशीच्या काळ्या मातीची चालेल का. तिथल्या माणसाने सांगितलं वरची माती नाही चालत, खताऔषधाची तर अजिबात नाही, दोन तीन फूट खोलातली काढायची, उन्हात वाळवायची, चाळायची, रात्रभर भिजवायची. आता गावी घराशेजारच्या पडीक जागेतली काढतात.

पुण्यात स्टेशनजवळ ताडीवाला रोडला बापू भवन पण आहे, तिथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान 1986 पासून आहे. आधी तिथे डॉ. दिनशा मेहतांचं क्लिनिक होतं आणि गांधीजी स्वतः तिथे उपचाराला राहिलेले आहेत. एकदा जाऊन बघाच.

भुसावळची लेक:
खूप खूप आभार सगळ्यांचे. अप्पांची शुगरची गोळी ग्लिमेपिराइड आहे. उपवास सांगितला तर काय करायचं? आणि रोज सकाळी दुधीचा रस प्या म्हणून नातेवाईक मागे लागलेत.

नंदुरबारची नर्स:
ताई, हे नीट वाच. ग्लिमेपिराइड घेऊन उपवास केला तर शुगर एकदम खाली येऊ शकते, सत्तरच्या खाली गेली की घाम, थरथर, बडबड, बेशुद्धी. म्हातारपणी हे जास्त धोक्याचं. माझ्या मामांना नेलं तेव्हा निसर्गोपचारवाल्या डॉक्टरांनी आमच्या समोर त्यांच्या नेहमीच्या फिजिशियनला फोन लावला, दोघांनी मिळून गोळी कशी कमी करायची ते ठरवलं, आणि पूर्ण उपवास दिलाच नाही, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं एवढंच. घरी ग्लुकोमीटर आणि खिशात साखरेची पुडी. असा फोन लावायला जो तयार नसेल त्याच्याकडे अप्पांना नेऊ नको.

दुधीचं म्हणशील तर रस काढायच्या आधी दुधीची फोड जिभेला लावून बघायची, कडू लागली की थुंकून टाकायची आणि सगळा दुधी फेकायचा, साखर लिंबू घालून कडूपणा मारून प्यायचा नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन असतं, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलेली आहेत. मी तर म्हणते भाजी करून खाऊ घाल.

जामनेरचा आबा:
माझं लहानसंच आहे. सर्दीसाठी जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, शिकवली पहिल्या दिवशी. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्यायचं, नळाचं तसंच नाही, अर्धा लिटरला चहाचा पाऊण चमचा मीठ. मीठ बरोबर असलं की नाकात झोंबत नाही. नंतर वाकून नाक पूर्ण कोरडं करायचं, हे जास्त महत्त्वाचं, नाहीतर डोकं जड होतं. उन्हाळ्यात कटिस्नान पण दिलं, पण मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं की गार कुठून आणणार, म्हणून ते रात्रीच टब भरून सावलीत ठेवायचे आणि सकाळी सहाला बोलवायचे. पाय टबच्या बाहेर, कंबर पाण्यात, दहा मिनिटं.

भुसावळची लेक:
आबा, अप्पांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) पण मागच्या रिपोर्टला थोडं वाढलेलं आहे, ते सांगायचं राहिलं.

नंदुरबारची नर्स:
मग तो रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर लाव. किडनीला त्रास असेल तर रोज नारळपाणी, फळांचे आणि पालेभाज्यांचे रस आपल्या मनाने चालू करायचे नाहीत, त्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रस, उपवास, एनिमा, काहीही सांगितलं तरी आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दाखव, आणि गोळ्यांच्या नुसत्या नावांऐवजी पट्ट्याच घेऊन जा, डोस वाचता येतो.