एकूण खर्चातील अनिश्चितता इतकी कमी कशी येते?

प्रश्न
नमस्कार. वडोदऱ्याजवळच्या एका रिफायनरी-विस्ताराच्या खर्चाचा अंदाज आम्ही करत आहोत. पंप, पाइपिंग, पोलादी सांगाडे, वीजकाम अशा साधारण सारख्याच रकमेच्या पंचवीस बाबी आहेत. प्रत्येकीचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) २० टक्के धरून मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक आकडे हजारो वेळा घेऊन, गणित केले, तर एकूण खर्चाचे विचलन अवघे ४ टक्के येते. मूलभूत अभियांत्रिकी अजून अर्धीच झालेली असताना हा आकडा वरिष्ठांपुढे ठेवण्यास मन धजत नाही. कुठे चुकते आहे?

उत्तर : दांडियाबाजारकर
गणित बरोबर आहे. २० ला २५ च्या वर्गमुळाने भागले की ४ येतात. गृहीतक मात्र टिकणारे नाही. बाबी परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच एकीची वाढ दुसरीच्या घटीने भरून निघते. पण पोलाद महागले की पाइप, टाक्या आणि सांगाडे एकदमच महागतात, आणि वेल्डरांची कमतरता सगळ्याच कंत्राटांना भोवते. दर दोन बाबींमधील सहसंबंध (एकत्र वाढण्या-घटण्याचे माप) केवळ ०.३ धरला, तरी तेच विचलन सुमारे ११.५ टक्क्यांवर जाते. अर्थात तीनशे जोड्यांचे सहसंबंध अंदाजाने भरत बसण्यात हशील नाही. पोलादाचा भाव, डॉलरचा दर आणि कामगारांची उत्पादकता ही सामाईक कारणेच स्वतंत्र चले म्हणून घ्यावीत आणि त्यांचा परिणाम संबंधित बाबींवर एकाच वेळी लागू करावा.

उत्तर : जुना अंदाजक
एवढ्यानेही भागणार नाही, कारण व्याप्तीच ठरलेली नसेल तर जी बाब यादीत नाही तिचे विचलन कोण काढणार? एएसीई या खर्च-अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गीकरणात चौथ्या वर्गाच्या, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातील, अंदाजाची वरची मर्यादा अधिक २० ते ५० टक्के असून खालची उणे १५ ते ३० टक्केच आहे. म्हणजे कल वाढीकडेच. राजस्थानातील पचपदरा रिफायनरीचा अंदाज ४३,१२९ कोटींवरून ७२,९३७ कोटींवर गेला. असली झेप बाबनिहाय विचलनांच्या बेरजेत दिसणे कठीण.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. शटडाऊन (जोडणीसाठी चालू रिफायनरी बंद ठेवण्याचा काळ) लांबण्याचा धोका उत्पादकतेतच धरावा का?

उत्तर : दांडियाबाजारकर
नाही. ती घडेल किंवा न घडेल अशी घटना आहे. तिची शक्यता आणि घडल्यास येणारा खर्च वेगळा मांडावा. शिवाय अहवालात पी-९० म्हणजे काय ते स्पष्ट लिहावे. आपल्याकडे तेलसाठ्यांचे काम करणारेही बैठकीला असतात. त्यांच्या लेखी पी-९० म्हणजे ज्याहून जास्त साठा निघण्याची शक्यता ९० टक्के असा सावध, लहान आकडा, तर खर्चात ज्याच्या आत खर्च राहण्याची शक्यता ९० टक्के असा मोठा आकडा.