लिनक्सच्या टर्मिनलमधून (कमांड टाइप करायची खिडकी) पार्टिशन लहान करणं आणि लो-लेव्हल फॉरमॅट

प्रश्न: १ टीबीच्या डिस्कवर एकच ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टीम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत) पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, आहे, ते ५०० जीबी करायचंय, आणि दुसरी जुनी डिस्क विकायच्या आधी लो-लेव्हल फॉरमॅट (डिस्क अगदी मुळापासून नव्याने आखणं) मारायचंय, कसं करू?

उत्तर: आधी बॅकअप घे. मग पार्टिशन अनमाउंट करून (सिस्टीमपासून सोडवून) ईटूएफएससीके ही फाइलसिस्टीम तपासणारी कमांड चालव, रिसाइझटूएफएस या आकार बदलणाऱ्या कमांडने फाइलसिस्टीम ४५० जीबीवर आण आणि त्यानंतरच पार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या कमांडने पार्टिशन ५०० ला काप, क्रम उलटा केलास तर डेटा गेलाच समज. शेवटी साइज न देता रिसाइझटूएफएस परत चालव, उरलेली जागा भरते.

उत्तर: खरं लो-लेव्हल फॉरमॅट फॅक्टरीतच होतं, घरी नाही. त्याऐवजी डीडी या डेटा थेट डिस्कवर लिहिणाऱ्या कमांडने पूर्ण डिस्कवर शून्यं लिहा, पण विकायची डिस्क एसडीए की एसडीबी (लिनक्सने डिस्कना दिलेली नावं) ते एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये मॉडेल बघून पक्कं करा, एंटर दाबल्यावर डीडी काही विचारत नाही!